डार्टमूरचा माळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही गेली काही वर्षं इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन परगण्यात राहतो. लंडनहून, बर्मिंगहॅमहून किंवा थेट पुण्या-नाशिकहून पाहुणे आले की एक दिवस डार्टमूरसाठी राखून ठेवलेला असतो. गाडी घाट चढून माळावर आली की प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक वेळा तेच असतात. म्हणून ते इथे उतरवून काढले. पहिल्या नजरेला हा माळ ओसाड वाटतो. पण या माळावर चार हजार वर्षं माणसं राबत आली आहेत आणि आजही राबतात. तेवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

मूर म्हणजे नक्की काय? माळरान म्हणायचं का?

माळ हाच आपला सगळ्यात जवळचा शब्द. कोकणातल्या पाहुण्यांना मी ‘सडा’ म्हणून सांगतो आणि त्यांना ते चटकन पटतं: झाडं नाहीत, वारा अंगावर येतो, पावसाळ्यात पायाखाली सगळीकडे पाणी. फरक आहे तो जमिनीत. सड्याखाली जांभा असतो, इथे ग्रॅनाइट आहे. हवा थंड आणि ओली असल्यामुळे मेलेलं गवत नि शेवाळ इथे पुरतं कुजत नाही, थरावर थर साचत जातं. त्याची काळी, स्पंजासारखी पाणी धरून ठेवणारी माती होते. तिला पीट म्हणतात. उंचावरच्या भागात तिचे जाड थर आहेत.

वर उगवतं ते म्हणजे हेदरची जांभळी झुडपं, पिवळ्या फुलांचं काटेरी गोर्स, नेचे आणि गवत. गोर्सचं फूल बोटांत चुरगळून हुंगा. ओल्या खोबऱ्याचा वास येतो. माझ्या आईने पहिल्यांदा हुंगलं तेव्हा ती तिथेच थांबली आणि आणखी चार फुलं तोडून रुमालात बांधून घेतली.

हे आहे कुठे, आणि केवढं मोठं?

डेव्हनच्या मध्यभागी, एक्सेटर आणि प्लिमथ या दोन शहरांच्या मधे. १९५१ साली डार्टमूर राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच जागा हाय विल्हेज, ६२१ मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे ही उंची काहीच नाही, पण समुद्रावरून येणारे ढग इथे अडतात, त्यामुळे माळावरच्या प्रिन्सटाउन गावात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. डार्ट, टेन, टॅव्ही, टॉ, प्लिम, एर्म या नद्या याच पीटमधून झिरपत उगम पावतात. पूर्व डार्ट आणि पश्चिम डार्ट जिथे मिळतात त्या संगमाचं नावच डार्टमीट आहे.

‘राष्ट्रीय उद्यान’ या शब्दाने फसू नका. इथे फाटक नाही, तिकीट नाही, आणि बहुतेक जमीन सरकारची नाही. उद्यानाच्या हद्दीत गावं आहेत, शाळा आहेत, शेतं आहेत.

टेकड्यांच्या माथ्यावर दगड कुणी रचून ठेवले?

कुणीच नाही. त्यांना टॉर म्हणतात आणि असे दीडशेच्या वर टॉर माळावर आहेत. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जमिनीच्या पोटात अडकला आणि तिथेच सावकाश थंड झाला. आपला काळा बेसाल्ट उघड्यावर ओतला गेला, लवकर गोठला, म्हणून त्याचे कण बारीक. इथला दगड निवांत गोठला, म्हणून त्यात बोटाच्या पेराएवढे पांढरे स्फटिक दिसतात. हेटॉरच्या भिंतीवर तळवा ठेवला तर ते हाताला टोचतात. वरचे खडक कोट्यवधी वर्षांत झिजून गेले, ग्रॅनाइट उघडा पडला. त्याला आडव्या-उभ्या भेगा असतात. भेगांत पाणी शिरून गोठतं, दगड फुटतो, आणि जे घट्ट होतं तेवढं उरतं. म्हणून ते एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांसारखं दिसतं. फुटून उतारावर पसरलेल्या दगडांच्या राशीला इथले लोक क्लिटर म्हणतात.

लोकांची गोष्ट वेगळी आहे. बोवरमन नावाचा शिकारी कुत्र्यांसकट चेटकिणींच्या बैठकीत घुसला, त्यांनी त्याला दगड करून टाकलं. त्याचं नाक म्हणून एक सुळका दाखवतात आणि त्याची कुत्री म्हणजे जवळचा हाउंड टॉर.

इथली दलदल खरंच माणसाला गिळते का?

हा प्रश्न शेरलॉक होम्समुळे येतो. मराठीत होम्स वाचून मोठी झालेली मंडळी गाडीतून उतरताच ‘ती’ दलदल कुठे म्हणून विचारतात. कॉनन डॉइल १९०१ मध्ये प्रिन्सटाउनला येऊन राहिले होते, आणि गोष्टीतली दलदल फॉक्स टॉर मायर्सवरून घेतली असं मानलं जातं.

माणूस नाहीसा होण्याची भीती गोष्टीतच ठेवा, पण कमरेपर्यंत थंड चिखलात रुतायला वेळ लागत नाही. सगळ्यांत फसवी जागा म्हणजे चमकदार हिरवं, सपाट शेवाळ. खाली पाणी असतं आणि वर शेवाळाची साय तरंगत असते. पाय टाकला की आजूबाजूचं दोन-तीन हात हिरवं अंगण हलतं. इथे याला ‘पिसांची गादी’ म्हणतात. नियम सोपा: हिरवागार पोपटी रंग दिसला की वळसा घाला, आणि जिथे दगड किंवा हेदर आहे तिथून चाला. रुतलात तर मागे रेलून बसा, वजन पसरू द्या आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने बाहेर या.

इथे झाडं का नाहीत? कधी होती का?

होती. हिमयुगानंतर माळाचा बराच भाग रानाखाली होता. ते रान माणसाने साफ केलं. आधी शिकारीसाठी जाळून, मग गुरांसाठी तोडून. माझ्या मते माळ समजून घ्यायचा तर हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कांस्ययुगात, इसवी सनापूर्वी १५०० च्या आसपास, इथे भरवस्ती होती. गोल दगडी घरांचे पाये आजही हजारोंच्या संख्येने दिसतात. ग्रिम्सपाउंड नावाच्या जागी एका जाड दगडी भिंतीच्या आत अशी २४ घरं आहेत. एका घराच्या दाराशी वाऱ्याला आडोसा देणारी वळणदार भिंत अजून जागेवर आहे. आत बसलं की वारा थांबतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाऱ्याची दिशा बघून ते दार ठरवलं, आणि वारा आजही त्याच बाजूने येतो.

त्याच काळातले गडगे मैलोन् मैल पसरले आहेत. इथे त्यांना ‘रीव्ह’ म्हणतात. टेकड्या-दऱ्या न जुमानता ते सरळ रेषेत जातात आणि माळाची शेतं नि चराऊ रानं अशी वाटणी करतात. बरीच वर्षं लोक त्यांना मध्ययुगीन बांध समजत होते. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी ते कांस्ययुगातले आहेत हे दाखवून दिलं. इतक्या जुन्या काळी एवढ्या मोठ्या माळाची मोजणी करून वाटप झालं होतं, म्हणजे ठरवणारी, मानणारी, भांडण मिटवणारी माणसं होती.

२०११ मध्ये व्हाइटहॉर्स हिल या टेकडीवर पीटमध्ये गाडलेली एक दगडी पेटी उघडली गेली. आत एका तरुण व्यक्तीच्या जळलेल्या अस्थी अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या होत्या. सोबत झाडाच्या सालीच्या तंतूंची विणलेली टोपली, दोनशेच्या वर मणी, आणि गाईच्या केसांची वेणी घालून त्यात कथिलाच्या बारीक टिकल्या बसवलेला हातातला पट्टा. मण्यांत अंबर होतं, आणि अंबर या माळावर मिळत नाही. एरवी अशा वस्तू केव्हाच मातीमोल झाल्या असत्या. पीटमध्ये हवा पोचत नाही, म्हणून टोपलीची वीणसुद्धा टिकली. ते सगळं आता प्लिमथच्या संग्रहालयाकडे आहे.

पुढे हवा गार आणि ओली होत गेली, पीट वाढलं, वरची वस्ती खाली सरकली. चरणाऱ्या जनावरांनी नवं झाड उगवू दिलं नाही. आज दिसतो तो उघडा माळ असा घडला.

मग याला ‘डार्टमूरचं फॉरेस्ट’ का म्हणतात?

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात फॉरेस्ट म्हणजे राजाची शिकारीची राखीव जागा, तिथे झाड असो वा नसो. तिसऱ्या हेन्री राजाने १२३९ मध्ये हा मधला भाग आपल्या भावाला, रिचर्डला दिला. १२४० मध्ये बारा सरदारांनी घोड्यावरून फिरून त्याची शीव नक्की केली. १३३७ पासून तो डची ऑफ कॉर्नवॉलकडे, म्हणजे युवराजाच्या जहागिरीत आहे. आज तो मान प्रिन्स विल्यम यांच्याकडे. शिवेची फेरी घालायची प्रथा अजून आहे. पूर्वी अशा फेऱ्यांत पोरांना शिवेच्या दगडावर आपटत, म्हणजे म्हातारपणीही त्यांना तो दगड आठवावा. सातबारा नसलेल्या काळातली ती नोंद होती.

खाणी कशाच्या होत्या?

मुख्यतः कथिलाच्या. बाराव्या शतकापासून इथे कथील मोठ्या प्रमाणावर निघत होतं. आधी ओढ्याच्या पात्रातली वाळू धुऊन, नंतर डोंगर कापून. कुठल्याही ओढ्याकाठी उंचसखल, गवताने झाकलेले ढिगारे दिसले तर ते धुतलेल्या खडीचे समजा.

कथील खणणाऱ्यांना राजाने सनद दिली होती. ते कुणाच्याही जमिनीत खणू शकत, त्यांचा न्याय त्यांच्याच कोर्टात होई आणि त्यांची सभा क्रॉकर्न टॉरवर उघड्यावर भरे. ॲशबर्टन, चॅगफर्ड, टॅविस्टॉक आणि प्लिम्प्टन ही त्यांची चार ठरलेली गावं. वितळवून केलेली कथिलाची लादी तिथे आणायची, तिचा एक कोपरा तोडून कस बघायचा, कर भरायचा, मगच विक्री.

त्यांचा तुरुंग लिडफर्डच्या गढीत होता आणि त्याची ख्याती इतकी वाईट की ‘लिडफर्डचा कायदा’ म्हणजे सकाळी फाशी, न्याय नंतर, अशी म्हण पडली. १५१२ साली रिचर्ड स्ट्रोड या खासदाराने खाणींच्या गाळाने बंदरं बुजतात म्हणून पार्लमेंटात कायदा आणायचा प्रयत्न केला. खाणवाल्यांनी त्यालाच पकडून लिडफर्डला डांबलं. त्याच्यावरच्या या कारवाईविरुद्ध पार्लमेंटने कायदा केला आणि सभागृहात बोलल्याबद्दल सभासदावर बाहेर खटला चालवता येणार नाही या तत्त्वाचा तो एक सुरुवातीचा टप्पा ठरला. आपल्या घटनेच्या १०५ व्या कलमात खासदारांना जे संरक्षण आहे त्याची मुळं याच परंपरेत आहेत. लिडफर्डच्या त्या अंधाऱ्या तळघरात उभं राहून मी प्रत्येक पाहुण्याला हे सांगतो.

ओढ्यांवरचे ते मोठ्या शिळांचे पूल किती जुने?

हे इथले साकव. पोस्टब्रिजचा सर्वांत प्रसिद्ध आहे. बहुधा तेराव्या शतकातला, कथील लादलेल्या घोड्यांसाठी बांधलेला. चार मीटरहून लांब ग्रॅनाइटच्या शिळा, खाली दगडाचे खांब, मधे चुना नाही की काही नाही. शेजारी अठराव्या शतकातला कमानीचा पूल आहे, गाड्या त्यावरून जातात.

तट्टू जंगली आहेत का? त्यांना खायला दिलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. उद्यानाच्या नियमांत त्याला बंदी आहे, आणि खाण्याच्या आशेने तट्टू रस्त्यावर येऊन गाडीखाली सापडतात.

जंगलीही नाहीत. माळावरच्या प्रत्येक तट्टाला मालक आहे. ती वर्षभर मोकळी राहतात, बर्फातसुद्धा. शरद ऋतूत, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, शेतकरी घोड्यांवरून, चारचाकी मोटारसायकलींवरून आणि कुत्री घेऊन सगळा कळप हाकून खाली आणतात. याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. मी एकदा भिंतीवर बसून पाहिलं. आधी काहीच दिसत नव्हतं, फक्त शिट्ट्या नि आरोळ्या ऐकू येत होत्या. मग टेकडीच्या कडेवरून तपकिरी, काळी, राखाडी अशी तट्टं एकदम खाली ओतली गेली आणि वाफाळत आवारात शिरली. तिथे प्रत्येकाची खूण बघतात, शिंगरं वेगळी करतात, तब्येत तपासतात आणि शेपटीचे केस ठरावीक तऱ्हेने कापतात, म्हणजे हे जनावर यंदा बघून झालं हे लांबूनही कळावं. काही विकायला जातात, बाकीची पुन्हा माळावर.

शॉ मूरवरच्या उत्खननात कांस्ययुगातल्या चिखलात उमटलेले खुरांचे ठसे सापडले. म्हणजे इथे घोडा फार जुना आहे. गेल्या काही दशकांत मात्र त्यांची संख्या फार घटली, कारण कोळशाच्या खाणीत आणि शेतात त्यांना काम उरलं नाही.

माळ कुणाचा? कुणीही मेंढ्या सोडू शकतो का?

नाही. आपल्या गायरानाशी तुलना करावीशी वाटते, पण इथे जमिनीला मालक असतो, कुठे डची, कुठे खाजगी माणूस. चराईचा हक्क मात्र आसपासच्या ठरावीक शेतघरांना वंशपरंपरेने असतो. त्यांना कॉमनर म्हणतात. ‘वहिवाट’ या आपल्या शब्दात हे सगळं बसतं. गुरं चारणं, घरच्या चुलीपुरतं पीट काढणं, गोठ्यात अंथरायला नेचे कापणं, घरासाठी दगड-वाळू घेणं, असे हे वेगवेगळे हक्क. किती जनावरं सोडायची याचं जुनं माप फार शहाणपणाचं होतं: हिवाळ्यात स्वतःच्या शेतावर जेवढी पोसता येतील तेवढीच. सुमारे ३६ हजार हेक्टर माळ अशा सामाईक वहिवाटीचा आहे. १९८५ च्या कायद्याने कॉमनरांची परिषद नेमली, ती चराईचे नियम करते.

आणि एक गोष्ट मला थक्क करते. माळावर कुंपण नाही, तरी मेंढ्या आपली हद्द सोडत नाहीत. प्रत्येक कळपाची ठरलेली जागा असते, तिला इथे ‘लिअर’ म्हणतात. मेंढी आपल्या कोकराला ती शिकवते, ते मोठं होऊन आपल्या कोकराला. विकत आणलेल्या मेंढ्यांना हे ज्ञान नसतं. म्हणून २००१ मध्ये खुरकुताची साथ आली आणि कळप मारावे लागले तेव्हा हळहळ फक्त पैशांची नव्हती. पिढ्यांची ओळख तुटत होती.

मेंढ्यांमुळे माळ बिघडतोय असं ऐकलं. खरं काय?

यावर २०२३ मध्ये मोठा वाद झाला. सरकारच्या निसर्गखात्याने चराई, विशेषतः हिवाळ्यातली, बरीच कमी करायला सांगितली. शेतकरी म्हणाले, आम्ही उठलो की माळच उठेल. डेव्हिड फर्सडन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरात आला.

मला समजलेलं सांगतो. हेदर बऱ्याच ठिकाणी मागे हटलंय, आणि मोलिनिया नावाचं उंच झुबक्यांचं गवत सगळीकडे माजलंय. मेंढी ते जून झालं की खात नाही. गुरं आणि तट्टं खातात, तुडवतात. तेव्हा प्रश्न नुसता किती जनावरं हा नाही. कुठली, कुठे आणि कोणत्या महिन्यात, हा आहे. जोडीला जुने चर बुजवून पीट पुन्हा ओलं करायचं काम चालू आहे. चरांत लाकूड, दगड, पीटचेच ठोकळे टाकून बांध घालतात. पाणी थांबलं की शेवाळ परत येतं. दोन्ही बाजूंच्या माणसांना हा माळ हवा आहे हे मी बघितलं आहे, आणि मला शेतकऱ्यांना बाजूला ठेवून काढलेला कुठलाही तोडगा पटत नाही.

ढगात बुडालेली ती मोठी दगडी इमारत कसली?

प्रिन्सटाउनचा तुरुंग. थॉमस टर्व्हिट नावाच्या, युवराजाच्या मर्जीतल्या माणसाने माळ लागवडीखाली आणायचा ध्यास घेतला होता. ती शेती जमली नाही, तुरुंग मात्र उभा राहिला. नेपोलियनशी चाललेल्या युद्धातले फ्रेंच कैदी १८०९ मध्ये आणि पुढे अमेरिकन कैदी इथे आले. गावातलं चर्च त्यांच्याच हातचं आहे. १८५० पासून तो गुन्हेगारांचा तुरुंग झाला. २०२४ मध्ये रेडॉन वायूचं प्रमाण वाढल्यामुळे सगळे कैदी हलवले. हा वायू ग्रॅनाइटमधूनच येतो.

भुताखेतांच्या गोष्टी कोणत्या?

पुष्कळ. आपल्याला सगळ्यांत ओळखीची वाटेल ती पिक्सींची. हे वीतभर उंचीचे लोक वाटसरूला भुलवून त्याच माळावर गोल गोल फिरवतात. म्हणजे आपला चकवा! त्यावर उतारा असा की कोट उलटा करून घालायचा. इथलं धुकं पाच मिनिटांत उतरतं आणि दहा पावलांवरची शिळा गाईसारखी दिसू लागते. ते एकदा अनुभवलं की ही गोष्ट कुठून आली ते कळतं.

दुसरी गोष्ट एका खऱ्याखुऱ्या वाटेची आहे. माळाच्या मधल्या शेतघरांचं चर्च लिडफर्डला होतं, म्हणून प्रेत खांद्यावरून माळ ओलांडून न्यावं लागे, जवळजवळ २० किलोमीटर. १२६० मध्ये एक्सेटरच्या बिशपांनी त्यांना जवळच्या वाइडकमच्या चर्चची परवानगी दिली. जुन्या वाटेला अजून ‘प्रेतांची वाट’ या अर्थाचंच नाव आहे. वाइडकमला जाणाऱ्या वाटेवर डार्टमीटच्या चढावर तिरडी टेकवायचा दगड आहे. त्यावर क्रूस आणि नावांची आद्याक्षरं कोरलेली आहेत.

आणि किटी जे हिची कबर. अनाथालयातून शेतघरी कामाला आलेली एक मुलगी, फसवली गेली, तिने गळफास घेतला. तेव्हा आत्महत्या केलेल्यांना चर्चच्या आवारात जागा नव्हती, चौरस्त्यात पुरत. साधारण १८६० मध्ये रस्त्याचं काम करताना हाडं सापडली, ती पेटीत ठेवून पुन्हा पुरली. त्या लहानशा उंचवट्यावर कायम ताजी फुलं असतात. लोक पिक्सींचं नाव घेतात. आम्ही गेलो तेव्हा पाऊस पडत होता. बरणीत रानफुलं होती, शेजारी एक शिंपला आणि काही नाणी. माझ्या मुलीने विचारलं, हिची चूक काय होती? मला उत्तर सुचलं नाही.

विस्टमन्स वूडमध्ये फोटो काढायला जाता येईल का?

बाहेरून बघा, आत शिरू नका. शेवाळाने मढलेली वेडीवाकडी, ठेंगणी ओकची झाडं फोटोंमुळे जगभर पोचली आणि इतके लोक आले की शेवाळ तुडवलं जाऊ लागलं. हे रान टिकलं ते क्लिटरमुळे. शिळांच्या फटीत उगवलेल्या रोपाला मेंढीचं तोंड पोचत नाही.

दगडाखाली डबा सापडला, त्यात शिक्का आणि वही होती. हे काय?

लेटरबॉक्स. १८५४ मध्ये जेम्स पेरट या चॅगफर्डच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली, म्हणजे तिथवर पोचलेल्याने आपलं कार्ड त्यात टाकावं. त्यातून ही परंपरा वाढली. आज माळावर असे डबे हजारोंनी आहेत. आपल्या वहीत त्यांचा शिक्का उमटवा, त्यांच्या वहीत आपली खूण करा, आणि डबा होता तसा, झाकण घट्ट लावून ठेवा. वहीत देवनागरीत नाव लिहायला काहीच हरकत नाही. आम्ही लिहितो.

तंबू ठोकून राहता येतं का?

हो. सामाईक माळाच्या ठरवून दिलेल्या भागांत, पाठीवरचा छोटा तंबू, एखाद-दोन रात्री, आग न पेटवता. यासाठी कोर्टात लढाई झाली. जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने असा हक्क नाही म्हटलं, तेव्हा हजारो माणसं माळावर चालत गेली. त्याच वर्षी जुलैत वरच्या कोर्टाने निकाल फिरवला आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो एकमताने कायम केला. १९८५ च्या कायद्यात लोकांना मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी माळ खुला आहे, आणि रात्री आभाळाखाली झोपणं त्यात येतं, असा अर्थ लागला.

लाल निशाण म्हणजे काय?

परत फिरा. उत्तरेकडच्या माळावर लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. निशाण वर असेल, किंवा रात्री लाल दिवा असेल, तर त्या हद्दीत जायचं नाही. वेळापत्रक आधी जाहीर होतं. एरवी खुशाल जा, पण धातूचा कुठलाही तुकडा उचलू नका. याच माळावर दर मे महिन्यात २,४०० मुलंमुली सहा-सहांच्या गटाने दहा टॉर गाठत ३५ ते ५५ मैल चालतात.

कोणत्या महिन्यात यावं?

ऑगस्ट. हेदर जांभळं आणि गोर्स पिवळं, दोन्ही एकाच वेळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी वाइडकमची जत्रा असते, ती साधली तर मेंढ्यांची स्पर्धा बघायला मिळेल. मार्च ते जुलै पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा कुत्रा सोबत असेल तर दोरीला बांधलेला ठेवा.

एकच दिवस आहे. काय बघू?

दहा जागा धावत बघू नका. हाउंड टॉरपाशी गाडी लावा. टॉरच्या मागे उतारावर मध्ययुगीन गावाचे पाये आहेत, चौदाव्या शतकाच्या आसपास ओस पडलेलं गाव. लांबट घरात शिरा: वरच्या बाजूला माणसं, खालच्या बाजूला गुरं, दोघांना दार एकच. गोठ्याच्या मधोमध दगडी गटार, उताराकडे निघालेलं. थंडीत गुरांची ऊब घराला मिळावी आणि शेण-मूत खाली वाहून जावं. शेजारी धान्य वाळवायच्या भट्ट्या आहेत, कारण इथल्या उन्हावर धान्य वाळत नसे.

तिथून दरी ओलांडून हेटॉरच्या खाणींकडे चढा. गवतात तुम्हाला रूळ दिसतील, लोखंडाचे नव्हे, ग्रॅनाइटचे. १८२० मध्ये जॉर्ज टेम्प्लरने ही वाट बांधली. घोडे जोडलेल्या गाड्यांतून दगड कालव्यापर्यंत, तिथून समुद्रमार्गे लंडनला. १८३१ मध्ये उघडलेल्या लंडन ब्रिजला इथला दगड गेला आणि तो पूल पुढे विकला जाऊन अमेरिकेत ॲरिझोनात उभा आहे. रुळांच्या कडेला चाक घसरू नये म्हणून कोरलेली खाच आहे. खाली वाकून त्यात बोट फिरवा, ती गुळगुळीत झालेली आहे. जिथे फाटा फुटतो तिथे एकाच शिळेत दोन खाचा कोरल्या आहेत, मुलांना ती शिळा शोधायला सांगा.

पाण्याची बाटली, पावसाळी कोट आणि कागदी नकाशा जवळ ठेवा, फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. परतताना गाडी हळू चालवा. संध्याकाळी तट्टं आणि मेंढ्या डांबरावर येऊन बसतात, दिवसभराची ऊब त्यात उरलेली असते.